शिंप्याची फीत आणि आपली प्रकृती

श्रोतेहो, नाशिकच्या मेन रोडवरून रविवार कारंजाकडे जाताना एका बोळात शिंप्याचे एक जुने दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर एक शिवणयंत्र, कापड बेतायची लाकडी फळी, एक आरसा आणि मापांच्या वह्यांची चळत. तयार कपड्यांचा जमाना आला तरी मी माझ्या विजारी अजून तिथेच शिवून घेतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी तिथे गेलो आणि घाईत म्हणालो, "मास्तर, नव्याने माप कशाला घेता? माझे तेहतीस आहे. वहीत बघा."

मास्तरांनी वही काढली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "तेहतीसच लिहिलंय, डॉक्टरसाहेब. पण हे पोटाखालचं आहे. तुमचा पट्टा आता खाली गेला ना! वरून एकदा घेऊन बघू का?"

त्यांनी गळ्यातली फीत काढली आणि माझ्या पोटाभोवती फिरवली. छत्तीस इंच! मग त्यांनी जुन्या वह्या चाळल्या. माझ्या लग्नाच्या वेळी, म्हणजे २००३ साली, २९ इंच. २०१० साली ३१. २०१६ साली ३३, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरांत एक शब्द: 'खाली'. तेव्हापासून दर वेळी ३३ आणि 'खाली'. इतकी वर्षे माझे माप बदलले नाही याचे मला समाधान होते. प्रत्यक्षात बदलले होते ते विजार बांधण्याचे ठिकाण. पोट पुढे येत गेले आणि पट्टा त्याच्याखाली सरकत गेला.

"काळजी नको," मास्तर म्हणाले, "मागच्या शिवणीत दोन इंच माया ठेवतो. पुढं लागलीच तर उसवून देईन." शिंप्याच्या भाषेत शिवणीत राखलेल्या जादा कापडाला माया म्हणतात. पण त्या मायेने मी धास्तावलो, हे खरे.

मी स्वतः डॉक्टर. दिवसाकाठी कितीतरी माणसांना वजनकाट्यावर उभे करतो. माझी उंची १६८ सेंटीमीटर आणि वजन ६२ किलो. लग्नात ५७ होते, म्हणजे वीस वर्षांत पाच किलो वाढले. एवढ्याने कोणी मला लठ्ठ म्हणणार नाही. उलट "डॉक्टर, तुम्ही किती सडपातळ!" असे ऐकायची मला सवय होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपाशीपोटी रक्त तपासले, तेव्हा साखर ११२ निघाली. उपाशीपोटी ती १०० च्या आत असावी आणि १२६ पासून पुढे मधुमेह मानतात. मधल्या पायरीवर मी उभा होतो. काट्याने जे सांगितले नाही, ते फितीने सांगितले होते.

असे का व्हावे, हेच मला आज आपल्याला सांगायचे आहे.

वजन आणि उंची यांचा मेळ पाहण्याची जी रीत आहे तिला बॉडी मास इंडेक्स म्हणतात. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. हा हिशेब एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञाने मांडला, आणि आजचे नाव त्याला १९७२ साली मिळाले. हिशेब सोपा आहे आणि मोठ्या लोकसंख्येसाठी उपयोगाचाही आहे. त्याप्रमाणे माझा आकडा २२ येतो, म्हणजे अगदी निर्दोष. पण काट्याला एक गोष्ट कळत नाही. किलोभर मांस आणि किलोभर चरबी त्याला सारखीच. आणि ती चरबी मांडीवर आहे की पोटात आहे, हे तर त्याला मुळीच कळत नाही.

ही 'कुठे आहे' ची गोष्ट वैद्यकशास्त्राच्या लक्षात यायला वेळ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या आयुर्विमा कंपन्या छाती आणि पोट या दोहोंची मापे ताडून पाहू लागल्या होत्या. फुगवलेल्या छातीहून पोटाचा घेर मोठा असेल, तर त्यांना तो गिऱ्हाईक जोखमीचा वाटे. पुढे १९४७ साली फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या झां व्हाग या डॉक्टरांनी दाखवून दिले की चरबी शरीराच्या वरच्या भागात साठते की नितंब-मांड्यांवर साठते, यावर माणसाचे पुढचे दुखणे अवलंबून असते. त्यांच्याकडे बरीच वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. नंतर २००५ साली इंटरहार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासाचा एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यात ५२ देशांतली सुमारे २७ हजार माणसे होती. वजन-उंचीच्या आकड्यापेक्षा कंबर आणि नितंब यांच्या घेरांचे प्रमाण हृदयविकाराच्या झटक्याशी अधिक घट्ट जुळते, असे त्यातून दिसले.

या साऱ्यात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे, आणि तो मोठा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे छापली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, दशांशापर्यंत तोच. पण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त! युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांनी आपल्या व्यायामाबद्दल विनोदाने लिहिले आहे की रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्याआधी गाठायला धावावे लागते, तेवढाच काय तो. मी हे प्रथम वाचले तेव्हा हसलो होतो. मास्तरांच्या दुकानातून आल्यावर पुन्हा वाचले, तेव्हा हसू आले नाही.

पण हा नुसता लिफ्टचा दोष नव्हे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास चालला, त्यात एक नवल दिसले. त्या खेड्यांत पुऱ्या दिवसांनी जन्मलेल्या बाळांचे वजन सरासरीने २.७ किलो, आणि इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहानखुरी. त्यांचे हातपाय बारीक, अंगावर मांस कमी. पण त्यांच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीदार, असा आपला देह आईच्या पोटातूनच घडत येतो. आईला पुरेसे पोषण मिळाले नाही, तर त्याचा माग मुलाच्या देहावर राहतो. म्हणून कोणाचे पोट पुढे आले की "खादाड आहे" म्हणून हसणे बरे नव्हे. सुटलेल्या पोटामागे कधी दोन पिढ्यांपूर्वीची उपासमारही असू शकते.

आता पोटातली चरबी इतकी उपद्रवी का, ते पाहू. चरबी दोन ठिकाणी राहते. एक कातडीच्या खाली, जी चिमटीत धरता येते. ही बऱ्याच अंशी निरुपद्रवी. दुसरी पोटाच्या आत, आतड्यांच्या भोवती आणि यकृताच्या आसपास. ती चिमटीत येत नाही, पोट आतून पुढे ढकलते. या आतल्या चरबीतून निघणारी स्निग्धाम्ले आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत उतरतात आणि थेट यकृतावर जाऊन पडतात. यकृतात मेद साचतो. मग इन्शुलिनचे सांगणे यकृत नीटसे ऐकेनासे होते आणि नको असताना रक्तात साखर सोडत राहते. स्वादुपिंड बिचारे जास्तीजास्त इन्शुलिन करत बसते आणि शेवटी थकते. त्यातच रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढते, रक्तदाब चढतो. मधुमेह, हृदयविकार आणि यकृताचे विकार यांची वाट इथूनच फुटते. आणि हे सारे चालू असताना माणसाला काहीही दुखत नाही, हीच अडचण आहे.

आपल्या देशात हे किती पसरले आहे, त्याचे दोनच आकडे सांगतो. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वजन-उंचीच्या हिशेबाने २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या ठरल्या. पण कंबर आणि नितंब यांचे प्रमाण पाहिले, तेव्हा ५७ टक्के स्त्रिया जोखमीच्या रेषेपलीकडे गेल्या. आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचा २०२३ सालचा अहवाल सांगतो की, पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांत आहे आणि मधुमेह झालेली माणसे १० कोटींच्या वर आहेत.

तेव्हा श्रोतेहो, फीत हातात घ्या. पण ती कुठे लावायची, हे आधी नीट समजून घ्या. कारण माझी चूक तिथेच झाली. विजारीचा पट्टा जिथे बसतो ते कंबरेचे माप नव्हे. साडी नेसणाऱ्या भगिनींनी परकराच्या नाडीचा वळ जिथे उठतो तिथेच माप घ्यावे, असेही नाही. हात कुशीवर ठेवून शेवटची बरगडी चाचपा. मग कंबरेच्या हाडाची वरची कड चाचपा. या दोहोंच्या बरोबर मधोमध फीत आली पाहिजे. बहुतेकांची ती बेंबीच्या आसपास येते. कपडा बाजूला करून उघड्या अंगावर मापा. पाय जवळ घेऊन ताठ उभे राहा. फीत जमिनीशी समांतर असू द्या. मागे पाठीवर ती खाली घसरते, म्हणून आरशात पाहा किंवा घरच्या माणसाला बघायला सांगा. ती अंगाला टेकावी, पण रुतू नये. साधा श्वास सोडा आणि श्वास सुटलेला असताना आकडा वाचा. पोट आत ओढून घेतले, तर फसगत आपलीच. जेवणानंतर लगेच मापू नका. दोनदा मापा. शिवणाच्या डब्यातली कापडी फीत फार जुनी असेल तर ती ताणून लांबलेली असते; तिच्यावर आकडा कमी दिसतो. नवी घ्या.

आता आकडे. आपल्याकडच्या पुरुषांनी ९० सेंटीमीटरच्या, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंचांच्या आत असावे, आणि स्त्रियांनी ८० सेंटीमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत. युरोपातल्या पुरुषांसाठी पहिली रेषा ९४ वर आहे. आपल्याला कमी घेरातच अपाय सुरू होतो, म्हणून आपली रेषा अलीकडे ओढलेली आहे. किंबहुना २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आणखी एक इशाऱ्याची रेषा सुचवली: पुरुषांना ७८ आणि स्त्रियांना ७२ सेंटीमीटर. तिथे पोचल्यावर घाबरायचे नाही, पण सावध व्हायचे.

घरात फीत नसली तरी अडत नाही. एक सुतळी घ्या. टाचेपासून डोक्यापर्यंत आपल्या उंचीएवढी तोडा. तिची बरोबर दुहेरी घडी घाला आणि ती घडी पोटाभोवती, आत्ता सांगितलेल्या जागी, लावून पाहा. टोकाला टोक मिळाले, तर कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत आहे, ठीक. मिळाले नाही, तर जितके अंतर उरले तितके काम आपल्यापुढे आहे. इंग्लंडच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०२२ साली हाच निम्म्या उंचीचा नियम लोकांना सांगायला घेतला. बुटका असो वा उंच, ही सुतळी ज्याची त्याला लागू पडते.

आपल्या घरांत याची एक जुनी खूण होती. पुष्कळांच्या कमरेला करदोटा असायचा, काहींच्या अजून असतो. तो आवळू लागला की नवा बांधायचा. आजीच्या कंबरपट्ट्याची कडी पुढच्या भोकात गेली की तिला ते कळायचे. नाडीच्या विजारीने आणि ताणणाऱ्या इलॅस्टिकने आपली ती खूण घालवली. इलॅस्टिक कधीच तक्रार करत नाही.

या मापाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. गरोदर स्त्रीला ते लागू नाही. लहान मुलांचे आकडे वेगळे असतात. पोटात पाणी झाले असेल किंवा गाठ असेल, तरी घेर वाढतो. म्हणून थोड्या आठवड्यांत पोट झपाट्याने वाढले, तर ती चरबी समजून घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा. म्हातारपणी हातापायांचे मांस झडते आणि पोट मात्र वाढते. वजन उतरले म्हणून आजोबा खूश असतात, पण फीत वेगळे सांगते. आणि फीत म्हणजे रोगाचे निदान नव्हे. ती दारावरची थाप आहे. रेषा ओलांडली असेल तर रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातली चरबी एकदा तपासून घ्या. २०२५ च्या जानेवारीत जगभरच्या तज्ज्ञांच्या एका आयोगानेही हेच म्हटले, की नुसत्या वजन-उंचीच्या आकड्यावर कोणाला लठ्ठ किंवा निरोगी ठरवू नये, कंबरही मोजावी.

"मग पोट उतरवायचे कसे?" हा प्रश्न मला रोज विचारला जातो. पोटावर बांधायचे पट्टे आणि चोळायची तेले यांनी फक्त घाम येतो. नुसत्या उठाबशांनी पोटाचे स्नायू बळकट होतात, पण तेवढ्याच जागची चरबी वितळत नाही. शरीर चरबी खर्च करते ती सगळीकडून, आणि सुदैवाने चालण्या-हिंडण्याने पोटातली चरबी लवकर उतरू लागते. आठवड्याला निदान दीडशे मिनिटे झपझप चालावे, म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही असे. दोन दिवस हातापायांना जोराचे काम द्यावे. जोर, बैठका, पाण्याच्या बादल्या, काहीही चालेल. मांस वाढले की साखरेला राहायला घर मिळते. गोल्फ क्लबचे मैदान आहे, गोदाकाठ आहे, रविवारी पांडवलेण्यांच्या पायऱ्या आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आठ-आठ तास बसून काम करणाऱ्यांनी तासातासाला उठून दोन मिनिटे तरी पाय मोकळे करावेत.

खाण्याचे म्हणाल, तर नाशिककरांना मिसळ सोडा असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. मिसळीतली मटकी चांगलीच आहे; तर्री, शेव आणि तिसरा पाव यांच्याबद्दल मात्र विचार करावा. ताटात भात-पोळीचा भाग थोडा कमी, डाळ, उसळ आणि भाजीचा थोडा जास्त. चहातली साखर, बाटलीतली गोड पेये आणि मद्य यांचा हिशेब पोटावर लवकर उमटतो. रात्री उशिरा जेवून लगेच आडवे होणे टाळावे आणि झोप पुरी घ्यावी.

आणि वजन फारसे उतरले नाही, तरी हिरमुसू नका. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांवर चेन्नईला एक अभ्यास झाला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आहार आणि चालणे सुधारलेल्यांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि विशेष हे, की त्यांचे वजन म्हणावे तसे कमी झाले नव्हते. काट्याला पत्ता न लागताही आत सुधारणा होत असते.

माझे काय झाले, हे सांगून मी पुरे करतो. दीड वर्ष मी रोज सकाळी चाललो. पाऊस आला तर जिन्याच्या पायऱ्या चढलो. रात्रीचे जेवण साडेसातला आणले. घरच्यांनीही निमूटपणे वेळ बदलली, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. वजन जेमतेम दोन किलो उतरले. साखर ९८ वर आली. सुतळीची टोके अजून इंचभराने मिळत नाहीत, त्यामुळे काम संपलेले नाही.

यंदा मी पुन्हा त्या बोळात गेलो. मास्तरांनी न विचारताच फीत वरून लावली. ३४ भरले. त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि 'खाली' च्या ऐवजी पुढे 'वर' असे लिहिले. मग विचारले, "मागं माया किती ठेवू?" मी म्हणालो, "मास्तर, शिवणीपुरतीच ठेवा."

आपल्या घरीही अशी एक वही असू द्या. दर सहा महिन्यांनी, पाडव्याला आणि दसऱ्याला म्हणा हवे तर, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे कंबरेचे माप तीत लिहा. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. मागच्या ओळीतला आकडा शेजारी असला की तो बोलू लागतो.